चार रिकामे नट

चाक सोयाबीनच्या गंजीत सापडलं. गाडी तिथून बरीच लांब, हवाई पट्टीच्या कडेला नाक मातीत खुपसून पडली होती. ती चालवणारा नीरज पागे तोवर मांडीचं हाड मोडून, बेशुद्ध अवस्थेत इंदूरच्या हॉस्पिटलात पोचला होता.

सांवेर रस्त्यावरची ही पट्टी जुनी आणि बेवारस. विमान कधी उतरलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नसे. पण शहरातल्या हौशी पोरांच्या नजरेत ती भरली आणि दरवर्षी नवरात्राच्या शेवटी तिथे दोन दिवस गाड्या पळू लागल्या. शहरात एकेक मिल बंद पडत होती, आणि जिथे मिलच्या भोंग्यावर घड्याळं लागायची तिथे परदेशी मोटारींचे चकचकीत फलक लागत होते. यंदा त्यातल्याच एका कंपनीची माणसं शर्यत बघायला आली होती. त्यांना आपल्या संघासाठी इंदूरचा एक ड्रायव्हर हवा होता. एकच.

सब-इन्स्पेक्टर भानुमती शितोळे वाकून जमीन बघत होत्या. त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत होते, आणि घरात अजून तलवार होती. मोटारीतलं मात्र त्यांना फारसं कळत नव्हतं. ते त्यांनी कबूल केलं, आणि म्हणूनच नीट बघितलं.

डाव्या बाजूचं पुढचं चाक चार स्टडवर बसत होतं. स्टड म्हणजे चाकाच्या भोकांतून बाहेर येणारे आटेदार दांडे, त्यांच्यावर नट कसायचे. चारांपैकी दोन दांडे मुळापासून तुटले होते. दोन शाबूत होते, फक्त त्यांचे आटे ठेचले गेले होते. गाडीमागे गवतात चार नट मिळाले. चारही आरपार भोकाचे. भानुमतीबाईंनी एक उचलून डोळ्याला लावला. पलीकडचं आभाळ दिसलं. चारही नट पिशवीत टाकून त्या परतल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. ठाण्याचे प्रमुख टी. आय. साहेब शस्त्रपूजेच्या गडबडीत होते.

"शितोळे मॅडम, केस में है क्या? पियुष वझेची लेखी तक्रार आहे. मेकॅनिकनं कच्चे स्टड लावले, ते तुटले. त्या बाबूराव धुमाळला रावण जळायच्या आधी आत टाका, बस."

"सर, एकदा सगळ्यांशी बोलते."

"बोला. पण शाम तक. पागे मंडळी वरपर्यंत पोचलेली आहेत."

साहेबांना घाई झाली की भानुमतीबाईंना संशय यायचा. हा त्यांचा स्वभाव होता, आणि त्यापायी त्यांच्या दोन बदल्या झाल्या होत्या.

बाबूराव धुमाळ बाकावर बसून होते. मिलमध्ये फिटर म्हणून उमर गेली. मिलला कुलूप लागलं तेव्हा नीरज आणि पियुष या दोन दोस्तांनी आपल्या गॅरेजात त्यांना बोलावलं. आता ते कामही जायची वेळ आली होती. 'ह्यानं कसलेलं चाक निखळलं' असं एकदा ठरलं, की इंदुरात त्यांच्या हातात सायकलचं चाकही कोणी देणार नव्हतं.

"काल तुम्ही हवाई पट्टीवर का नव्हता?"

"खंडेनवमी होती, मॅडम. मी मिलच्या फाटकावर होतो."

"मिल तर बंद आहे."

"फाटक आहे ना. आमच्या खात्याची माणसं अजून नवमीला तिथे जमतात. आत जाऊ देत नाहीत, तर बाहेर फुटपाथवरच पूजा मांडतो."

"आणि गाडी?"

"आदल्या संध्याकाळी चारही चाकं मी स्वतः कसली. मग गॅरेजातली हत्यारं धुऊन पाटावर मांडली. पूजेची हत्यारं नवमीला उचलायची नाहीत. उभ्या जन्मात मी त्या दिवशी पान्याला हात लावलेला नाही."

"म्हणजे शर्यतीच्या सकाळी तपासणी कोणी केली?"

"पियुषनं. शर्यत भरवणाऱ्या क्लबचा कट् वाजणारा पाना असतो. ठरलेला जोर लागला की वाजतो. तो म्हणाला, काका, तुम्ही बिनधास्त जा, मी देख लूंगा."

"पूजेतली हत्यारं कोणी हलवली होती?"

"एक फूल सरकलं नव्हतं. नीरजच्या आईंना विचारा." बाबूरावांनी नाकावरून हात फिरवला. "स्टड मी निवडले, हे खरं. लांब आणि कडक घेतले. शर्यतीच्या गाडीला आखूड स्टड पुरत नाहीत. कच्चे असते तर पोराच्या गाडीला लावले असते का हो मी?"

पण नीरज हॉस्पिटलात होता, आणि उत्तर द्यायची जबाबदारी भानुमतीबाईंवर येऊन पडली होती. त्यांनी बाबूरावांना बसायला सांगितलं आणि जीप काढली.

स्पेअर पार्ट्सवाला अशोक मुळे दुकानाला तोरण बांधत होता. बाबूरावांचं आणि त्याचं भर बाजारात वाजलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"भांडण कशावरून झालं?"

"मॅडमजी, अपन साफ बोलतो. मी म्हटलं, माझ्याकडचे स्टड घ्या. त्यांनी माझ्यासमोर एक वाइसच्या जबड्यात धरला, हातोडा मारला, तो तुटला. चार गिऱ्हाइकं उभी होती. इज्जत का फालूदा झाला."

"म्हणून तुम्ही चिडलात."

"चिडेन नाही तर काय? मग मी म्हटलं, चला, नट तरी घ्या. टोपीवाले, एका बाजूनं बंद. आत धूळ जात नाही, गंज नाही. तर म्हणे, लांब स्टडवर बंद नट चालत नाही, आरपारच पाहिजे. माझा एकही माल त्यांना चालत नाही, मॅडमजी."

"तेव्हा सोबत कोण होतं?"

"दोघंही पोरं. नीरज आणि पियुष. हसत होते मला."

"काल तुम्ही शर्यतीला होता?"

"होतो. पण मी तंबूत. गाडीपाशी सगळ्यात आधी पियुष धावला. बाकीचे पोचेपर्यंत त्यानं नीरजला बाहेर ओढलं होतं. दोस्त असावा तर असा."

तिथून त्या गॅरेजात गेल्या. त्याच जातीचा एक स्टड कपाटात शिल्लक होता. त्यांनी तो वाइसमध्ये आवळला आणि अशोकच्या दुकानात बाबूरावांनी केलं होतं तेच केलं. पहिला घाव, दुसरा घाव. स्टड कमानीसारखा वाकला, तुटला नाही. भानुमतीबाईंचा खांदा दुखायला लागला, पण एक गोष्ट नक्की झाली. लोखंड कच्चं नव्हतं.

मग तुटलं कसं?

हॉस्पिटलात नीरजच्या आई, सरोजिनीबाई पागे, खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. नीरजचे डोळे मिटलेले होते. बाई रडून रडून कोरड्या झाल्या होत्या आणि आता फक्त राग उरला होता.

"त्या धुमाळांना मी घरचं समजत होते. काल ते इथे आले, तर मी सांगितलं, परत तोंड दाखवू नका."

"नवमीच्या सकाळी पूजा तुम्हीच केलीत?"

"मीच. उजाडता उजाडता. हत्यारांची आणि गाडीची. मग गाडी टेम्पोवर चढवली."

"चाकांचीही?"

"हो तर. आधी हळद, मग कुंकू. सोळाच्या सोळा नटांना बोट लावलं. एक सोडला नाही. माझं पोर त्याच्यावर बसणार होतं, मी सोडेन कशी?"

"रात्री गॅरेजात कोण होतं?"

"पियुष झोपला होता. गाडीची राखण करायला. काल रात्रभर इथेही तोच होता. घरी जाऊन कपडेसुद्धा बदलले नाहीत बिचाऱ्यानं."

पियुष वझे ठाण्यात आला तेव्हा खरोखरच तेच कपडे अंगावर होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट. बाहीवर दोस्ताच्या रक्ताचा मोठा डाग होता, तो आता तपकिरी पडून कडक झाला होता. पँटच्या उजव्या खिशापाशी दुसरा डाग होता. तो अजून लालभडक होता. हवालदारांनी उठून त्याला खुर्ची दिली.

"सकाळी नट तुम्ही तपासलेत?"

"सोळाही. सगळ्यांसमोर. प्रत्येक नटाला कट् असा आवाज आला, कोणालाही विचारा. नट टाइट होते, मॅडम. स्टडच तुटले, त्याला मी काय करणार?"

"तुमची पाळी आदल्या दिवशी होती ना?"

"हो. गाडी एक, ड्रायव्हर दोन. अष्टमीला मी, नवमीला नीरज. ज्याची वेळ चांगली, त्याला कंपनी घेणार. आता त्या गोष्टीत मन नाही."

"वेळ तुमची काय लागली?"

"ठीक होती."

"आणि नीरजची? पडायच्या आधी?"

"चांगली चालली होती."

"बसा जरा. दसऱ्याचा दिवस आहे, प्रसाद घेऊन जा."

बाहेर आवारात हवालदार जनाबाई पूजेचं ताट घेऊन फिरत होत्या. जनाबाईंना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी कोठडीच्या कुलपालाही कुंकू लावलं असतं. जीपची पूजा झाली, मोटारसायकलींची झाली. मग त्या जप्त करून आणलेल्या नीरजच्या गाडीकडे वळल्या. मोडकी झाली म्हणून काय, दसऱ्याच्या दिवशी बिनपूजेची का राहावी?

"मॅडम, हिला तर पहले से लावलंय हो," त्या गाडीपाशी बसून म्हणाल्या. "ह्या तीन चाकांना. ह्या दांड्यांच्या टोकांवर बघा, हळदकुंकू कसं आट्यांत भरलंय. पण इथे, जिथलं चाक गेलं तिथे, विसरली कोणी तरी. दोन्ही दांडे कोरे."

भानुमतीबाई हातातला प्रसाद तसाच ठेवून धावल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी ते दोन शाबूत स्टड बघितले. टोकांवर हळद नव्हती, कुंकू नव्हतं. काळं वंगण होतं, आणि मधोमध ताजी चकचकीत चेप पडली होती.

ज्या आईनं एकही नट सोडला नाही, ती नेमकं हेच चाक कशी सोडेल?

त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. जनाबाईंना वाटलं, मॅडमना चक्कर आली. मग त्या उठल्या, आत जाऊन पिशवीतले चार नट टेबलावर ओतले आणि एकेक करून पुन्हा डोळ्याला लावले. चारही रिकामे. कालही रिकामेच होते, आणि काल आपल्याला काहीच कसं सुचलं नाही, याचा त्यांना स्वतःचा राग आला.

त्यांनी अशोकला निरोप धाडला आणि हॉस्पिटलातून सरोजिनीबाईंना बोलावून घेतलं.

दुपार कलली तेव्हा टी. आय. साहेबांच्या खोलीत सगळे बसले होते. साहेबांच्या कपाळावर टिळा होता आणि कपाळाला आठ्या. बाबूराव कोपऱ्यात उभे होते. सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली होती.

"सर, तक्रार म्हणते, स्टड कच्चे होते," भानुमतीबाईंनी सुरुवात केली. "मी त्याच जातीचा एक ठोकून बघितला. तो वाकतो, तुटत नाही. मग असा स्टड केव्हा तुटेल? एखादी तार आपण तोडतो कशी? इकडे वाकव, तिकडे वाकव. चाक सैल असेल आणि गाडी वेगात असेल, तर ते दांड्यांना असंच हलवून तोडतं. म्हणजे चाक सैल होतं."

"सैल कसं असेल?" पियुष म्हणाला. "आवाज आला होता. पन्नास लोकांनी ऐकलाय."

"आला. तुम्ही खोटं बोलला नाहीत. नट कसला गेला होता, चाक कसलं गेलं नव्हतं."

टी. आय. साहेबांनी चष्मा काढला. "मतलब?"

"सर, लांब मानेच्या बाटलीवर छोटं झाकण समजा. झाकणाच्या आत बाटलीचं तोंड टेकलं, की झाकण पुढे फिरत नाही. आपल्याला वाटतं, घट्ट बसलं. पण खाली फट राहते. एका बाजूनं बंद असलेला टोपीचा नट लांब स्टडवर चढवला की तेच होतं. स्टडचं टोक टोपीच्या आत टेकतं. पान्याला जोर लागतो, कट् वाजतं, आणि चाकावर काही दाब येतच नाही. बाबूराव, बंद नट चालत नाही असं तुम्ही म्हणालात, ते यासाठीच ना?"

बाबूरावांनी मान हलवली.

"पण तिथे मिळालेले नट तर आरपार आहेत," साहेब म्हणाले.

"तेच तर, सर. दोन स्टड तुटले. नट ज्या टोकावर बसलेला असतो, ते तुटलेलं टोक नटाच्या आतच अडकून पडायला हवं. चारांपैकी निदान दोन नटांत तुकडे हवेत. हे चारही रिकामे आहेत. हे नट त्या क्षणी चाकावर नव्हतेच. मागाहून कोणी तरी टाकले."

"आता सरोजिनीबाई. तुम्ही सोळा नटांना हळदकुंकू लावलंत. तीन चाकांवर आरपार नट आहेत, त्यांतून स्टडचं टोक बाहेर डोकावतं, म्हणून तिथे कुंकू टोकावर लागलं. ते अजून आहे. चौथ्या चाकाचे दोन स्टड जागेवर आहेत आणि कोरे आहेत. कारण तुम्ही बोट लावलंत तेव्हा ती टोकं झाकलेली होती. तुमचं कुंकू टोप्यांवर लागलं."

"त्या चाकाला कुंकू गोल बसलं होतं खरं," सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या. "बाकीच्यांवर बोटाला टोचत होतं. मला काय माहीत..."

"म्हणजे बदल पूजेच्या आधी झाला. रात्रीच. गॅरेजातली हत्यारं पाटावर होती आणि एक फूल सरकलं नव्हतं. पण गाडीच्या डिकीत तिचा स्वतःचा पाना असतो. तो कोणी पूजेत मांडत नाही. रात्री तिथे एकच माणूस होता. बाबूराव नवमीला पाना धरणार नाहीत, फाटकावर जाणार, आणि सकाळची तपासणी आपल्याच हाती येणार, हेही त्यालाच ठाऊक होतं. बंद नटानं काय होतं, हे त्यानं बाबूरावांकडूनच ऐकलं होतं. आणि गाडी पडल्यावर सगळ्यात आधी तोच पोचला."

"मी त्याला वाचवायला धावलो," पियुष म्हणाला.

"त्यालाही ओढलंत, आणि नटही वेचलेत. घाईत थेट खिशात. पियुष, बाहीवरचा डाग नीरजच्या रक्ताचा आहे. कालचं रक्त आहे, तपकिरी पडलंय. खिशावरचा डाग लाल का?"

पियुषचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"खिसा उलटा करा."

त्यानं केला नाही. जनाबाईंनी केला. अस्तर आतून पिवळं आणि लाल झालं होतं, आणि कडेनं तेच कापडातून बाहेर आलं होतं.

"अशोकजी, टोपीचे नट नवरात्रात कोणी नेले?"

अशोकनं तोंड पुसलं. "पियुषनंच, मॅडमजी. चारच नेले. मी म्हटलं, भिया, गाडीला सोळा लागतात. तर म्हणे, नमुन्याला नेतोय. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन वळवणार. मी खूश झालो होतो."

पियुष खुर्चीत पुढे वाकला.

"चाक थरथरलं की तो थांबेल, असं वाटलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच फेरीत. तो थांबला नाही. वेळ चांगली येत होती ना, म्हणून दाबत राहिला. माझ्यापेक्षा चांगली. नेहमी माझ्यापेक्षा चांगली. त्याला मारायचं नव्हतं मला."

"टोपीचे नट कुठे आहेत?"

"स्कूटरच्या डिकीत. फेकायला गेलो, तर जिथे जाईन तिथे लोक पाठीवर हात ठेवत होते."

जनाबाईंनी नट आणले. चारही एका बाजूनं बंद. वर मातीत कालवलेलं हळदकुंकू, आणि दोघांच्या पोटात स्टडचे तुटके तुकडे घट्ट रुतलेले. टी. आय. साहेबांनी ते उलटसुलट करून बघितले, सकाळची लेखी तक्रार फाइलमधून काढली आणि पियुषपुढे ठेवली. पियुषला आत नेलं.

"बाबूराव, तुम्ही घरी जा," भानुमतीबाई म्हणाल्या. आपल्या हातून हे कोडं सुटलं याचा त्यांना उघड उघड आनंद झाला होता, आणि त्यांनी तो लपवला नाही.

पण बाबूराव जागचे हलले नाहीत. आता सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे तोंड वळवलं होतं.

"काल मी नाही नाही ते बोलले तुम्हाला."

"आईनं बोलायचं नाही तर कोणी बोलायचं," बाबूराव म्हणाले.

"नीरज शुद्धीवर आलाय. मी निघायच्या जरा आधी डोळे उघडले त्यानं." त्यांनी पदर तोंडावर धरला. "एकच विचारतोय सारखा. पियुषला बोलवा, त्यानंच मला बाहेर काढलं, तो कुठे आहे म्हणून. मी काय सांगू त्याला? माझ्याच्यानं नाही होणार."

बाबूराव खिडकीबाहेर बघत राहिले. चौकात रावणाच्या भोवती माणसं जमायला लागली होती.

"मी सांगतो," ते म्हणाले. "दोघांना पाना धरायला मीच शिकवलंय. चला, जीप आहे तोवर निघू."

आणि सरोजिनीबाईंचा हात धरून ते पायऱ्या उतरू लागले.